तिघींचा डाव आणि चौथा भिडू

आमच्या केंद्रावर येणाऱ्या तीन मुलींनी परवा एक साधा प्रश्न विचारला. तिघी अकरावीतल्या. त्यांच्यातल्या एकीचं बिऱ्हाड गावाच्या दुसऱ्या टोकाला हललं, त्यामुळे रोजची भेट थांबली. संध्याकाळी अर्धा तास तरी मोबाइलवर एकत्र खेळावं, हसावं, भांडावं, असं त्यांच्या मनात होतं. ‘ताई, तिघींना खेळता येईल असा कुठला गेम घ्यावा?’ इतकाच प्रश्न. तिथे बसलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने लगेच उत्तर दिलं, ‘कुठलाही घ्या. फक्त नाव मुलाचं ठेवा आणि माइक बंद ठेवा.’

सल्ला आपुलकीचा होता, व्यवहारी होता. म्हणूनच त्याची जास्त चीड आली. मैत्रिणीचा आवाज ऐकू यावा म्हणून खेळायचं, आणि पहिली अट काय, तर आवाज काढायचा नाही! रात्री बाहेर पडू नका, अंगभर कपडे घाला, खाली मान घालून चाला, ही सगळी जुनी शिकवण आता मोबाइलमध्येही येऊन बसली आहे. त्रास देणारा मोकळा, आणि जपून राहायचं ते मुलींनी.

मुलींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की तीन हा आकडाच मुळात अडचणीचा. ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण जणू गेम बनवणाऱ्यांनीही पाठ केली आहे. २०२१ साली आलेल्या ‘इट टेक्स टू’चं फार कौतुक झालं, पण तो दोघांचाच. तिसरीने बघत बसायचं. टाळेबंदीत, २०२० साली, घरोघरी पोचलेल्या ‘अमंग अस’ला निदान चार जण लागतात. ‘बीजीएमआय’मध्ये मोठा संघ चौघांचा. तिघी गेल्या आणि भिडू आपोआप जोडण्याची सोय बंद करायला विसरल्या, तर चौथी जागा कुणीतरी अनोळखी येऊन भरतो.

हा चौथा भिडू कसा असतो, ते खेळणाऱ्या मुलींना विचारा. मुलीचा आवाज कानावर पडला की पहिला प्रश्न, ‘मुलगी आहेस का?’ मग नंबर दे, फोटो दे. नाही म्हटलं की शिव्या. डाव हरला तर ‘पोरगी होती म्हणून हरलो’, जिंकला तर ‘आम्ही सांभाळून घेतलं’. सगळेच मुलगे असे नसतात हे मान्य. पण कुठला कसा निघेल, हे दर वेळी ताडत बसावं लागणं हीच तर मुलींवरची सक्ती आहे. मुलग्यांना ती नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ‘पबजी’वर बंदी घातली, ती देशाच्या सुरक्षिततेसाठी. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ नावाने परत आला. मुलींची सुरक्षितता हे कारण बंदीच्या वेळी दिलं गेलं नव्हतं.

‘चार टवाळ पोरांचं काय मनावर घ्यायचं?’ असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतली एक घटना आठवावी. ऑक्टोबर २०१४ मध्ये अनिता सार्कीशियन या समीक्षिकेला युटा राज्यातल्या विद्यापीठातलं आपलं भाषण रद्द करावं लागलं. व्हिडिओ गेममध्ये बाई कशी दाखवली जाते, याची ती चिकित्सा करत असे. भाषण झालं तर गोळीबार करू, अशी धमकी आली. आणि परवानाधारकाला सभागृहात बंदूक आणायला त्या राज्याच्या कायद्याने मनाई करता येत नव्हती! हे टवाळीचं काम नव्हे. ‘हे मैदान आमचं आहे’ असं बजावणं आहे.

मैदान मात्र कधीच फक्त त्यांचं नव्हतं. १९८२ साली गाजलेला ‘रिव्हर रेड’ कॅरोल शॉ या बाईने बनवला होता. तरी १९८९ मध्ये निन्टेन्डोने हातात धरून खेळायचं यंत्र काढलं, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘गेम बॉय’! पाटीवरच मालकाचं नाव.

आता दोष नुसता बाहेरच्यांना देऊन भागणार नाही. घराकडेही बघू या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात जेमतेम ५४ टक्के निघाल्या. आमच्या तिघींपैकी एकीचा फोन भावाचा आहे. तो क्लासला गेला की तिचा खेळ सुरू, आला की बंद. वेळेची गत तीच. सरकारच्याच २०२४ च्या पाहणीप्रमाणे बिनमोल घरकामात बाईचे दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषाने ती उचलली नाहीत. त्याचीही नऊ कमी झाली. मुलगा खेळत असला की ‘डोकं शांत करतोय’ आणि मुलगी खेळत असली की ‘भांडी पडलीयेत’, हे आपणच बोलतो ना?

काही मैत्रिणी म्हणतील, गेम म्हणजे व्यसन, त्यात पैसे लुबाडतात, चळवळीला याहून मोठे प्रश्न आहेत. व्यसन लागतं, लुबाडणूक होते, हे खरंच आहे. पण मंगळागौरीच्या फुगड्या, सागरगोटे, काचापाणी हे आपल्या आज्यांना का हवंहवंसं वाटायचं? कामाच्या रगाड्यातून तेवढीच सुटका, तेवढाच मोकळा श्वास. तोही बहुधा सणावारी, घरच्यांनी मुभा दिली तर. खेळ ही चैन नाही. आपला वेळ आपल्या मर्जीने घालवण्याचा तो हक्क आहे, आणि तो लहान प्रश्न नाही.

मग तिघींनी गेम निवडावा कसा? आम्ही त्यांच्यासोबत बसून चार कसोट्या ठरवल्या. तिघींपैकी जिचा फोन सगळ्यांत साधा, त्यावर तो चालला पाहिजे. नाहीतर गरीब मैत्रीण आपोआप बाहेर पडते. तो तिघींत पुरा झाला पाहिजे. चौथा आलाच तर आपण बोलावलेला. एकीला आईने हाक मारली म्हणून सगळा डाव मोडता कामा नये. आणि एकमेकींशी मोकळेपणी बोलता आलं पाहिजे.

या कसोट्यांवर त्यांनी सध्या ‘लुडो किंग’ घेतला आहे. नवी मुंबईतल्या कंपनीचा, स्वस्त फोनवर चालणारा, स्वतंत्र खोली उघडून संकेतांक फक्त मैत्रिणींना देता येणारा. पैसे जमले की ‘माइनक्राफ्ट’ विकत घेऊन तिघी मिळून गाव वसवणार आहेत. त्यात कुणाला हरवावंच लागतं असं नाही.

कुणी म्हणेल, स्वतःची खोली करून कडी लावून घेणं हीसुद्धा माघारच. भीतीने लावली असेल तर माघार. पण आतून लावलेली कडी आतूनच काढता येते. काही दिवसांनी तिघींना मोठ्या मैदानात उतरावंसं वाटलं, तर त्यांनी आपल्या नावाने, आपल्या आवाजाने उतरावं. तिथे त्रास देणाऱ्याची तक्रार केली तर कंपनीने काय केलं, ते तिला विचारलं पाहिजे. शेजारी बसून खेळणाऱ्या आपल्या मुलाला, भावाला, ‘तू आत्ता कुणाशी काय बोललास?’ हेही विचारलं पाहिजे. आजवर आपण मुलींना माइक बंद करायला शिकवलं. शिवी देणाऱ्याचा माइक कुणी बंद करायचा?

त्या कार्यकर्त्यालाही आम्ही हेच विचारलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘माझ्या संघातली पोरं असं बोलतात तेव्हा मी हसतो.’

सुरुवात तिथून करावी लागेल.