साभार परत न येणारे लेखन

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला साजरा होणारा ‘वाचन प्रेरणा दिन’ आणि कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला येणारा ‘मराठी भाषा गौरव दिन’ या दोन तारखांच्या दरम्यान महाविद्यालयांतील मराठी विभागांचे सूचनाफलक लेखनस्पर्धांच्या पत्रकांनी भरून जातात. निबंध, कथा, काव्य, पत्रलेखन, पुस्तक-परीक्षण असे नाना प्रकार असतात. कोणी ‘राज्यस्तरीय’ असते, कोणी ‘खुला गट’, तर कोणी कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ. आणि मग एखादी विद्यार्थिनी पत्रक हातात घेऊन विचारते, “सर, यात भाग घेऊ का?”

या प्रश्नाला आपण प्राध्यापक मंडळी सहसा दोनपैकी एक उत्तर देतो. पहिले उत्तर उदार असते: घे की, त्यात काय बिघडते? दुसरे थोडे उच्चभ्रू असते: स्पर्धांनी लेखक घडत नाहीत. ही दोन्ही उत्तरे मला सारखीच आळशी वाटतात, कारण दोन्हींत समोरचे पत्रक कोणी वाचलेलेच नसते. एखाद्या कवितेतील स्वल्पविरामावर तासभर बोलणारे आपण, विद्यार्थी ज्या कागदाखाली सही करणार आहे तो कागद मात्र संहिता म्हणून वाचत नाही. स्पर्धेचे मोल बक्षिसाच्या आकड्यावरून ठरत नाही. लिहिलेले कोण वाचणार, लिहिणाऱ्याकडे काय परत येणार आणि त्याच्याकडून काय घेतले जाणार, या तीन गोष्टींवरून ते ठरते. या तिन्हींची उत्तरे बहुधा त्या नियमावलीतच असतात. काही वेळा ती तेथे नसणे हेच उत्तर असते.

मराठी नियतकालिकांच्या जगात ‘साभार परत’ हा शब्दप्रयोग एके काळी नवोदितांच्या छातीत धडकी भरवत असे. लेखनासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडायचे आणि तेच पाकीट दारात येऊन पडलेले पाहायचे, हा अनुभव अनेकांनी घेतला. पण त्या दोन शब्दांत एक सभ्यपणा होता, हे आज जाणवते. लेखन कोणाच्या तरी टेबलावर पोहोचले होते, त्यावर निर्णय झाला होता आणि तो कळवला गेला होता. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याविषयी आजही आदराने बोलले जाते ते केवळ त्यांनी काय छापले यासाठी नव्हे. लेखकाशी पत्रव्यवहार करून, त्याला पुनर्लेखनाला प्रवृत्त करून एखादी कथा तिच्या पूर्ण रूपापर्यंत नेण्याची त्यांची चिकाटी हेही त्यामागचे कारण आहे. बहुतेक लेखनस्पर्धांत साभार परत काहीच येत नाही. तीन क्रमांक, दोन उत्तेजनार्थ आणि बाकीच्यांसाठी शांतता. अलीकडे त्या शांततेच्या जागी सर्वांना एकसारखे सहभाग-प्रमाणपत्र येते. प्रमाणपत्र हा अभिप्राय नव्हे. ते केवळ पोच असते.

म्हणून पहिला प्रश्न वाचकाचा. परीक्षक कोण, हे पत्रकात लिहिले आहे का? ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य प्रत्येक नियमावलीत असते. परीक्षकांची नावे मात्र क्वचितच असतात. पूर्वीच्या वर्षांच्या विजेत्यांचे लेखन कुठे वाचायला मिळते का? ज्या स्पर्धेतील पहिल्या क्रमांकाची कथा तिच्या परीक्षकांखेरीज कोणी वाचलेली नाही, ती स्पर्धा वाङ्मयव्यवहाराचा भाग कशी म्हणावी? पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेचे उदाहरण येथे बोधक आहे. ती एकांकिकांची स्पर्धा आहे, निबंधाची नव्हे, हे मान्य. पण तेथे हरणाऱ्या संघाची संहिताही परीक्षकांसमोर आणि प्रेक्षकांसमोर उभी राहते. कोणते वाक्य पडले, कोणत्या ठिकाणी सभागृह गप्प झाले, हे लिहिणाऱ्याला त्याच संध्याकाळी कळते. करंडक एकालाच मिळतो, वाचन मात्र सगळ्यांचे होते.

दुसरा प्रश्न विषयाचा. भारतीय टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही पत्रलेखन स्पर्धा पाहा. खर्च जवळजवळ फक्त टपालाचा, मातृभाषेत लिहिण्याची मुभा, हाताने लिहिण्याचा आग्रह. या कसोट्यांवर ती चांगलीच उतरते. पण २०१७ सालचा तिचा विषय होता, ‘प्रिय बापू, आपण मला प्रेरणा देता’. येथे निष्कर्ष आयोजकांनीच काढून दिलेला आहे. लिहिणाऱ्याने फक्त उदाहरणे जोडायची. गांधींशी वाद घालणारे, त्यांना अडचणीचा प्रश्न विचारणारे पत्र या विषयात कसे बसणार? पत्र या प्रकारात मुळात संवादाची शक्यता असल्यामुळे एखादा धीट विद्यार्थी तेथेही वाट काढील. ‘वाचनाचे महत्त्व’ किंवा ‘माझी मायबोली’ या विषयांवरच्या निबंधात तेवढीही फट नसते. ज्या विषयाचे उत्तर आधीच ठरलेले असते त्यावर आता यंत्रही बिनचूक निबंध लिहून देते. अशा स्पर्धेत विद्यार्थ्याने काही गमावले नाही, तरी कमावण्यासारखेही फारसे नसते.

तिसरा प्रश्न देण्याघेण्याचा. प्रवेशशुल्क असणे हा स्वतः गुन्हा नाही. छोट्या संस्थांना हॉलचे भाडे आणि परीक्षकांचा प्रवासखर्च द्यावाच लागतो. पण ‘निवडक लेखनाचा संग्रह प्रसिद्ध होईल’ असे म्हणून, निवड झालेल्यांनीच संग्रहाच्या प्रती विकत घ्याव्यात अशी अट जेव्हा पुढे येते, तेव्हा विद्यार्थी तेथे लेखक म्हणून उरत नाही. तो ग्राहक झालेला असतो.

शुल्काहून गंभीर बाब हक्कांची आहे. ‘आलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील’ अशी ओळ कुठल्याशा कलमात सहज लिहून टाकलेली असते. केवळ विजेत्यांच्या नव्हे, ‘आलेल्या सर्व’. आपला प्रताधिकार कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या कलम १७ नुसार सर्वसाधारणपणे लेखक हाच आपल्या कृतीचा पहिला मालक असतो. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि लेखकाच्या सहीनेच व्हावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि मोबदल्याचाही उल्लेख असावा लागतो. हक्क दिल्यानंतरही आपले नाव लावण्याचा आणि कृतीच्या विपर्यासाला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ अन्वये लेखकाकडेच राहतो. म्हणजे पत्रकात एक ओळ छापली म्हणून कथा परकी होत नाही. पण प्रवेशिकेखाली ‘सर्व नियम मान्य’ म्हणून सही करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कोणी सांगितलेले असते? पुढे एखादे नियतकालिक अप्रकाशित कथा मागेल, पहिल्या संग्रहाची वेळ येईल, तेव्हा ती जुनी सही अडचण होऊन उभी राहू शकते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या भोवती ना लेखक असतात, ना संपादक. त्याच्यासाठी स्पर्धेची अंतिम तारीख हीच लिहायला बसवणारी एकमेव शिस्त असते, शब्दमर्यादा हेच संपादनाचे पहिले शिक्षण असते आणि हजार रुपयांचे पारितोषिक ही खरोखरची मदत असते. हे मी पूर्णपणे मान्य करतो. म्हणूनच स्पर्धांवर सरसकट फुली मारणे मला पटत नाही. शुल्क नाममात्र आहे, परीक्षकांची नावे जाहीर आहेत, हक्क लेखकाकडे आहेत आणि विषयात श्वास घ्यायला जागा आहे, अशी स्पर्धा दिसली तर जरूर लिहावे. वर्षातून अशा दोन पुरेत. बाकीच्या वीस पत्रकांवर जाणारा वेळ महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाला द्यावा. तेथे निदान लाल शाई घेऊन बसलेला, नावाने ओळख असलेला एक संपादक असतो. असायला हवा.

आणि तो संपादक आपल्यापैकीच कोणीतरी असतो, ही खरी अडचण आहे. विद्यार्थ्यांचा स्पर्धासहभाग हा आज विभागाच्या अहवालात, ‘नॅक’च्या फाईलमध्ये नोंदवण्याजोगा आकडा झाला आहे. त्या आकड्यासाठी आपण मुलांना स्पर्धेला पाठवतो आणि त्यांनी काय लिहिले ते न वाचताच अर्जावर शिफारसीची सही करतो. ज्या परीक्षकाला आपण न वाचण्याबद्दल दोष देतो, त्याच्या आधी न वाचणारे आपण असतो. तेव्हा “भाग घेऊ का?” या प्रश्नाला प्राध्यापकाने द्यावयाचे पहिले उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ हे नाही. “नियमावली आण आणि लिहिलेलेही आण, दोन्ही वाचून सांगतो,” हे आहे. एवढे झाले की क्रमांक येवो न येवो, त्या लेखनाला एक वाचक मिळालेला असेल.