चोरीला जाईल म्हणून...

परवा बारामतीत भिगवण चौकाजवळच्या एका कापड दुकानात शिरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात हेल्मेट. गल्ल्यावरच्या काकूंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, ते कलिंगड ठेवा की खाली!" दुकानातल्या सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. पण खाली म्हणजे कुठे? काउंटरवर साड्यांचे ढीग, पायाशी चपला, स्टुलावर कुणाचं तरी झोपलेलं बाळ. शेवटी ब्लाउजपीस बघून होईपर्यंत हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, "म्हणून तर मी घालतच नाही. घेऊन हिंडा, सांभाळा, आणि गाडीवर ठेवलं तर चोरीला. त्यापेक्षा घरी कपाटावर बरं."

'कपाटावर बरं' म्हटल्यावर माझं हसू मावळलं. तीन वर्षांपूर्वी हेच मी बोलले होते.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा तेव्हा आमच्याकडे राहून नोकरी करत होता. नवी मोटारसायकल घेतली, तिच्याबरोबर हेल्मेटही आलं. (नवी दुचाकी विकताना कंपनीने हेल्मेट द्यायचंच, असा नियम आहे. नाही दिलं तर मागून घ्या, लाजू नका.) डिसेंबरचे दिवस. इंदापूरला मित्राचा साखरपुडा होता. पोरगं हेल्मेट हातात घेऊन दारात उभं, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अरे, कार्यालयाबाहेर शंभर गाड्या लागतात. नवंकोरं आहे, कुणीतरी उचलेल. राहू दे घरी!" त्याने ऐकलं. मावशीचं ऐकणारा मुलगा आहे तो.

रात्री परत येताना लासुर्ण्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कारखाने सुरू झाले की आपल्या भागात हे चित्र कुणाला नवीन नाही. ट्रॉली चुकवली त्याने, पण गाडी खडीवर घसरली आणि डोकं आपटलं. महिनाभर दवाखान्यात होता. जीव वाचला, हात-पाय धड आहेत, कामावरही जातो. फक्त वास गेला. डोक्याला जोराचा मार बसला की वासाच्या बारीक नसा तुटू शकतात, असं डॉक्टरांनी समजावलं. फोडणी करपली तरी त्याला कळत नाही, दूध करपलं तरी कळत नाही. गॅस गळत असला तर कळणार नाही, म्हणून त्याला एकट्याला घरी ठेवून जाताना बहीण आठवणीने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करते. मागच्या पावसाळ्यात पहिला पाऊस पडला तेव्हा अंगणात येऊन म्हणाला, "मावशी, मातीचा वास आला का गं?" मी हो म्हटलं आणि आत निघून गेले.

हेल्मेट मात्र आमच्या कपाटावर सुखरूप होतं. वरची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती.

तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीला गेले की हा विषय काढते. बायका पहिला प्रश्न तोच विचारतात, "पण ताई, गाडीवर ठेवलं की जातंच ना?" जातं, खोटं कशाला बोलू? माझं स्वतःचं एसटी स्टँडबाहेरून गेलंय. कुलपात अडकवलेला पट्टा तेवढा शिल्लक होता, कापलेला. आता बिनपट्ट्याचं हेल्मेट घालून तो कोण हिंडतोय देव जाणे. पडला, तर त्याच्या आधी हेल्मेटच पुढे घरंगळत जाईल. पोलिसांत गेले नाही. हजार-बाराशेच्या वस्तूसाठी कोण जातं? पण कायदा माहीत असावा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीसाठी, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. पट्टे कापणाऱ्यांना आठवडाभर स्टँड झाडायला लावावा, अशी माझी फार इच्छा आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं, की हेल्मेट गाडीवर ठेवायचं की बरोबर न्यायचं, हे तिथे पोचल्यावर ठरवा. घरातून निघतानाच ठरवू नका. मोबाईल चोरीला जाईल म्हणून तो आपण घरी ठेवतो का? गळ्यातलं मंगळसूत्र ओढतात म्हणून पदराखाली झाकतो, वर स्कार्फ बांधतो, पण घालतोच ना? मग हजार रुपयांच्या वस्तूसाठी डोकं का उघडं टाकायचं?

गाडीवर ठेवायचंच झालं तर काही गोष्टी मी ठेच लागून शिकले. स्कूटीच्या डिकीत हेल्मेट मावत असेल तर उत्तम. मावत नसेल तर बहुतेक गाड्यांना सीटखाली छोटा हुक असतो. त्यात पट्ट्याची कडी अडकवून सीट बंद केली की झालं. पण पट्टा ब्लेडने कापता येतो. म्हणून सायकलला लावतात तसली तारेची साखळी घ्यावी. तोंड झाकणारं हेल्मेट असेल तर हनुवटीपुढच्या भागातून साखळी ओवून गाडीला कुलूप लावावं. आरशावर मात्र टांगू नका. शेजारच्या गाडीचा धक्का लागला की ते खाली पडतं. हेल्मेटच्या आत जे थर्मोकोल असतं ना, तेच खरं काम करतं. मार बसला की ते दबतं आणि डोक्यावरचा धक्का कमी होतो. पण एकदा दबलं की पुन्हा फुलत नाही. म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद समजायचं. आणि म्हणूनच कुणी रस्त्यावर दोनशे-तीनशेत जुनं हेल्मेट देत असेल तर घेऊ नये. एक तर ते आपल्यासारख्याच कुणाचं चोरलेलं असेल, नाहीतर आधीच मार खाल्लेलं. जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी विकलं जातं ते वेगळं.

आता दुसरी बाजू. सरकारने सक्ती करायची आणि लोकांनी विरोध करायचा, हा खेळ आपण खूप पाहिला. २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असं जाहीर केलं. पंपवाल्यांच्या विरोधापुढे ते टिकलं नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात सक्ती झाली, तर विरोधात मोर्चा निघाला. त्याच वर्षी मोटार वाहन कायदा बदलला, दंड वाढला, लायसन तीन महिने निलंबित करायची तरतूद आली. पण पावती फाडणाऱ्याला कुणी कधी विचारलं का, की बाई गाडी लावून आत गेली तर हेल्मेट ठेवायचं कुठे?

मागे एका बँकेत रखवालदाराने मला दारातच अडवलं. हेल्मेट आत न्यायचं नाही म्हणाला. तोंड झाकून कुणी आत येऊ नये हे मलाही पटतं, पण मी ते हातात धरलं होतं. "मग ठेवू कुठे?" तर म्हणे, "गाडीवर ठेवा, आमची जबाबदारी नाही." देवळाबाहेर चपला सांभाळायला माणूस असतो, बिल्ला देतो, पाच रुपये घेतो. आपण चपलेची एवढी काळजी करतो आणि डोक्यावरची वस्तू पायरीवर सोडा म्हणतो!

आणखी एक बोलून टाकते, राग आला तरी चालेल. आपल्याकडे घरात हेल्मेट एकच असतं आणि ते चालवणाऱ्याचं. मागे एका अंगाला बसलेली बायको, तिच्या मांडीवर पोर, दोघांची डोकी उघडी. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसणाऱ्यालाही. अंबाडा दबतो, गजरा चुरगळतो, हे खरं आहे. मी आता वेणी खाली घेते आणि गजरा पिशवीतून नेऊन पोचल्यावर माळते. बारामती-इंदापूर रस्ता पालखी मार्ग म्हणून रुंद झाला तिथे गाड्या सुसाट सुटतात. त्या वेगात मागे बसलेलीला धरायलाही काही नसतं.

आमच्या बचत गटाने आता एक अर्ज लिहिला आहे. बारामतीत आणि इंदापुरात एसटी स्टँड, बाजार आणि तहसील कचेरीजवळ आम्हाला टपरीएवढी जागा द्या, आम्ही हेल्मेटं सांभाळू. बिल्ला देऊ, पाच रुपये घेऊ, हरवलं तर भरून देऊ. गटातल्या दोघी विधवा आहेत, त्यांना काम मिळेल. "एवढी हेल्मेटं येणार कुठून?" असं एका गृहस्थांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवायला जागा झाली की येतील.

भाच्याने अर्जावर पहिली सही केली. बाकीच्या सह्यांसाठी मी घरोघरी फिरते आहे, हेल्मेट बरोबर असतंच. परवा चहाच्या नादात ते निमगाव केतकीत कुणाच्या तरी ओसरीवर विसरून आले. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया निरोप द्यावा. लाल रंगाचं आहे, आतून जाईच्या गजऱ्याचा वास येतो.