बावखलातला संकरित मासा



पावसाने जोर धरला की वसईच्या वाड्यांतून विचारणा सुरू होते, बावखलात यंदा कोणते बीज सोडावे? पानवेल, केळी, फुले यांना गोडे पाणी पुरवणारी बावखले बरीचशी बुजली. उरली त्यांत मासे जरूर पोसावेत. मात्र बीजाच्या पिशवीत कटला व रोहूचा संकर मिसळलेला असू शकतो. त्याची ओळख असू द्या.

कटल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे डोके लहान, ओठाला झालर. तो मधल्या थरात शेवाळ, कुजका पाला टिपतो. संकराचे डोके कटल्याहून लहान आणि अंग रोहूहून रुंद, म्हणून मांस चांगले भरते. वाढीत तो रोहूच्या पुढे, कटल्याच्या मागे. खायला उत्तम. (डोक्याचे कालवण आवडणाऱ्यांनी मात्र कटलाच आणावा.)

हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी टाकतात, नराचे रेत पाण्यातच मिसळते. साठलेल्या बावखलात त्यांची वीण होत नाही. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी व के. एच. अलीकुन्ही यांना ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडवण्यात यश आले. पुढे बीज केंद्रांवर तयार होऊ लागले. पण एकाच हौदात दोन्ही जाती सोडल्या, तर कोणाचे रेत कोणाच्या अंड्याला लागेल याचा नेम नाही.

खेचर वांझ असते, हा संकर तसा नाही. दोन्ही जातींची गुणसूत्रे ५०च, त्यामुळे जोड जमते आणि संकरालाही पिले होतात. ती ना धड कटला, ना धड रोहू. संकरित ज्वारीचे दाणे आपण बियाण्याला ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार. इथे तर केंद्राचे जनक मासेच बिघडतात आणि तेच बीज गावोगाव जाते.

तुमचे नुकसान काय? दहांत तीन कटला, चार रोहू, तीन मृगळ सोडायचे ते वरचा, मधला व तळचा थर वाटून देण्यासाठी. संकर वरच्या दोन्ही थरांत तोंड घालतो आणि खाद्याचा हिशेब चुकतो.

म्हणून जिरे घेऊ नका, त्यात वाण डोळ्यांना कळत नाही. बोटुकली घ्या, पांढऱ्या भांड्यात सोडून डोके व तोंड निरखा. जनक मासे कोणते होते, हे केंद्रावर विचारा. आणि संशयास्पद दांडगा मासा कोणी विणीसाठी मागायला आला, तर त्याला देऊ नका. सरळ बाजारात वजनावर घाला.