थ्रॉटलवरचा हात

मे महिना म्हणजे आपल्या धंद्याची सुगी. सकाळी मतलई वारा असतो, पाणी तेल ओतल्यागत सपाट असतं आणि स्कीवर पहिल्यांदा उभं राहणारं पोरही दोन मिनिटं तगतं. दुपारी दोननंतर खारा वारा भरतो आणि त्याच पाण्यावर बोट धडाधड आपटायला लागते. काउंटरवर मात्र सकाळी होता तोच दर असतो, तीच रांग आणि तीच घाई. त्या दुपारच्या बोटीवर जो उभा असतो, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी आपल्या हातातलं वाहन काय आहे ते नीट ओळखू. पाण्यावरचं स्कीइंग सुरू झालं ते १९२२ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन नावाच्या तळ्यावर. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने फळ्या पायाला बांधल्या. पुढे या खेळासाठी खास बोटी बनल्या त्याही तळ्याच्याच हिशेबाने. मागचा तळ जवळपास सपाट ठेवायचा, म्हणजे मागे उठणारी लाट लहान राहते आणि स्कीवाल्याला त्रास होत नाही. काठ बुटके, पुढचा भाग उघडा, त्यात बसायला गादी. आपल्याकडे अशा अस्सल बोटी थोड्या. बहुतेकजण सोळा ते वीस फुटी फायबरच्या आउटबोर्ड बोटीनेच ओढतात. पण बुटके काठ आणि सपाट तळ हा वारसा त्यांच्यातही उतरला आहे. खोल ‘व्ही’ आकाराचा तळ लाट कापतो, सपाट तळ लाटेवर आपटतो. तो दोष बोटीचा नव्हे. तळ्यातली बोट समुद्रात आपण आणली आहे.

आता समुद्राचं गणित. कोकणात पोरासोरांनाही पाठ असतं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला ती साधारण अकरा ते बाराच्या दरम्यान येते. म्हणजे दुपारी दोन ते चार या वेळात सुकती ऐन जोरात, आणि नेमका त्याच वेळी खारा वाराही जोरात. देवबागला कर्ली नदीचं पाणी बाहेर धावतं, वारा आणि लाटा आत येतात, आणि दोघांची गाठ नदीच्या तोंडावरच्या वाळूवर पडते. समोरून प्रवाह आला की लाटेची लांबी आखडते, उंची वाढते आणि ती कड्यासारखी उभी राहते. अष्टमीच्या दुपारी ज्या जागेतून तुम्ही गप्पा मारत जाता, तीच जागा पौर्णिमेच्या दुपारी ओळखू येत नाही. सुट्टीचा रविवार आणि पौर्णिमा एकत्र आली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मे महिन्यात आणखी एक पाहुणा येतो. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होतं आणि तिथली लांब लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागते. वर वाऱ्याचा मागमूस नसतो, समुद्र शांत वाटतो. सोळा सेकंदांच्या अंतराने येणारी ही लाट खोल पाण्यात ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने धावते आणि तुम्हाला जाणवतही नाही. तीच दोन मीटर पाण्यावर आली की वेग ताशी १६ किलोमीटरवर उतरतो आणि मागचं सगळं बळ उंचीत जातं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती देणारी संस्था अशा लाटांचे इशारे देते. सकाळी हवामानाबरोबर तेही बघायची सवय लावा. नुसता वारा बघून समुद्र ठरवायचे दिवस एप्रिलअखेर संपतात.

मी स्वतः हे कसं शिकलो ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा पर्यटक घेऊन तोंडातून आत येत होतो. निघताना किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने हटकलं होतं, “सुकती लागली हा, जरा थांब.” मी हसून हात केला. परतताना मागून लाट आली, बोट उचलली गेली आणि उतारावर सुटली. मला वाटलं, वेग आहे तर पुढे निघून जाऊ. पुढच्या लाटेच्या पाठीत बोटीचं नाक घुसलं आणि समोरच्या गादीवरून हिरवं पाणी थेट आत आलं. पोटरीपर्यंत पाणी, त्यात तरंगणाऱ्या चपला, आणि पंपाच्या तोंडाशी वेफर्सचं पाकीट अडकलेलं. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद जागेत नुसतं वीतभर पाणी साचलं तरी ते नऊशे किलोच्या घरात जातं. तेही एका जागी बसत नाही. बोट कलेल तिकडे धावतं. पुढची लाट त्या मानाने लहान होती, म्हणून हे लिहायला मी आहे. चूक सर्वस्वी माझी होती.

चूक नेमकी कुठे झाली? आपली बोट पाण्यावर चढून पळायला लागते ती ताशी पंचवीस-तीसच्या आसपास. तोंडावरची लाट सोळाने चालते. म्हणजे पळणारी बोट लाटेला गाठणार, माथ्यावरून ओलांडणार आणि पलीकडच्या खड्ड्यात कोसळणार. आत येताना जागा एकच, पुढच्या लाटेची पाठ. तिच्या माथ्याच्या थोडं मागे राहायचं. ती चालेल तसं चालायचं आणि फुटेल तिथे फुटू द्यायचं. या वेगाला बोट धड पळत नाही, धड तरंगत नाही, नाक वर करून फेंगडी चालते आणि स्टिअरिंग जड लागतं. म्हणून कुणाला तो वेग आवडत नाही. पण तिथे इंजिन क्षणाक्षणाला कमी-जास्त करावं लागतं, आणि त्यासाठी उजवा हात थ्रॉटलवरून हलता कामा नये. ट्रिम थोडा बाहेर, म्हणजे नाक हलकं. पुढच्या गादीवरची माणसं आधीच मध्ये आणून बसवलेली.

बाहेर जाताना उलट. ट्रिम आत, वेग जेमतेम बोट चढून राहील इतकाच, आणि लाट अगदी समोरून न घेता थोडी तिरपी. माथ्याला पोचण्याआधी हात सोडायचा, माथा ओलांडताना पुन्हा द्यायचा, नाहीतर नाक खाली पडतं. निघण्यापूर्वी तोंडाशी थांबून पाच मिनिटं लाटा बघा. मोठ्या लाटा झुंडीने येतात, मग उसंत मिळते. ती मिळाली नाही, तर त्या दिवशी बाहेर जायचं नाही.

दोन गोष्टी घाईने. स्कीवाला पडला की गर्रकन वळून त्याच्याकडे धावणं ही आपल्याकडची ऐट आहे. त्या वळणाने आपलीच लाट आधीच्या खळबळीत भर घालते आणि पडलेल्याच्या तोंडावर जाते. गिअर काढा, बोट बसू द्या, सावकाश वळा, माणूस आपल्या बाजूला दिसत राहील असे जा. तो शिडीला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. दुसरी गोष्ट ती लाल गुंडाळीची दोरी, चालकाच्या अंगाला अडकवायची आणि ओढली गेली की इंजिन बंद करणारी. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर ती अडकवणं कायद्याने सक्तीचं झालं. आपल्याकडे ती बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या खुंटीला लोंबत असते. चालक उडून पाण्यात पडला तर तीच बोट गोल फिरून त्याच्या अंगावर येते.

हे सगळं चालकांना माहीत आहे, निदान जुन्यांना तरी. मग दुपारी साडेतीनला बोट ताशी चाळीसने तोंडावर का जाते? कारण चालकाला फेरीमागे पैसे मिळतात. थांबलेला चालक म्हणजे बुडालेली मजुरी, आणि पाच मिनिटं लाटा मोजणारा चालक म्हणजे एक फेरी कमी. थ्रॉटल चालकाच्या हातात असला तरी तो ढकलतं काउंटर. प्रशिक्षणाची शिबिरं भरवून हे सुटणार नाही.

बोटमालकांना म्हणून एकच विनंती. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की पुढच्या हंगामाचे करार होतात. या वर्षी चालकाचा करार दिवसाच्या पगाराचा करा, आणि त्यात एक ओळ घाला की ‘आज बाहेर जात नाही’ असं चालकाने सांगितलं तर त्या दिवसाचा पूर्ण पगार मिळेल. ज्यांनी असा करार केला आहे त्यांनी त्याची प्रत आम्हाला पाठवावी. सप्टेंबरच्या अंकात ती नमुना म्हणून छापू.