कांद्याचा भाव आणि अकरावीचा अर्थशास्त्राचा तास

महाराष्ट्रात अकरावीला अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी चतुर्थके, दशमके आणि शतमके काढावयास शिकतो, बारावीला निर्देशांकाची उदाहरणे सोडवितो आणि त्यांवर चांगले गुणही मिळवितो. त्या उदाहरणांतील वस्तू बहुधा अ, ब, क अशा असतात आणि त्यांच्या किमती कोणत्याही बाजारात कधी निघालेल्या नसतात. लासलगावच्या बाजार समितीत आज कांद्याची आवक किती झाली, किमान, कमाल आणि सरासरी भाव काय निघाला, हे आकडे मात्र रोज जाहीर होतात. निफाड तालुक्यातील कित्येक घरांचे वर्ष त्यांवर ठरते. त्या घरांतील मुलगा अर्थशास्त्राच्या तासाला बसतो तेव्हा हे आकडे वर्गाच्या दाराबाहेरच राहतात.

आर्थिक सिद्धांत प्रत्यक्ष आकड्यांवर घासून पाहण्याच्या शास्त्राला अर्थमिती म्हणतात. रॅग्नार फ्रिश या नॉर्वेच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये हा शब्द रूढ केला आणि अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९६९ मध्ये त्याला व यान टिंबरगेन यांना याच कार्यासाठी मिळाले. आपल्याकडे या विषयाशी गाठ पडते ती पदवीच्या अखेरीस, पुष्कळदा एम.ए.च्या वर्गात. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेल्या विद्यार्थ्यापुढे तो विषय तेव्हा एखाद्या भिंतीसारखा उभा राहतो आणि सूत्रे पाठ करून परीक्षा ओलांडणे एवढेच त्याच्या हाती उरते. ही ओळख पाच वर्षे अलीकडे, अकरावीतच करून देता येईल काय, असा प्रश्न आहे. सूत्रांपासून आरंभ केला तर ती करून देता येणार नाही. प्रश्नापासून आरंभ केला तर खात्रीने येईल.

कांद्याचेच उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्याने दहा वर्षांची आवक आणि भाव आलेख-कागदावर मांडले, तर पाठ्यपुस्तकातील उतरती मागणीरेषा त्याला दिसेलच असे नाही. ठिपके बहुधा विस्कटलेले दिसतील. पुस्तक खोटे की बाजार खोटा? दोन्ही नव्हेत. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या वर्षीची मागणी आणि त्या वर्षीचा पुरवठा यांचा छेदनबिंदू असतो आणि दोन्ही रेषा दरवर्षी जागा बदलीत असतात. मग या ठिपक्यांतून नुसती मागणीरेषा वेगळी कशी काढावयाची? एल्मर वर्किंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२७ साली नेमका हाच पेच मांडला. पुढच्याच वर्षी फिलिप राइट याने तेलांवरील आयातशुल्काविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात त्यावरची युक्ती दिली: दोहोंपैकी एकच रेषा हलविणारे कारण शोधावे. नाशिकच्या शेतात अवकाळी पाऊस पडला तर कांद्याचा पुरवठा घटतो. पण त्या पावसाने दिल्लीच्या वा चेन्नईच्या गृहिणीची आवड बदलत नाही. तेव्हा पावसामुळे आवक जेवढी घटली, तेवढ्यापुरता भाव किती चढला हे पाहिले की मागणीरेषा उघडी पडते.

यात अकरावीच्या मुलाला न समजण्यासारखे काय आहे? उलट एखादा शेतकऱ्याचा मुलगा लगेच हात वर करील, की पावसाने कांदा नुसता घटत नाही, भिजून सडतोही, आणि सडक्या कांद्याला गिऱ्हाईक वेगळे. त्याची ही हरकत अगदी रास्त आहे आणि अशा हरकती घेता येणे हेच या शास्त्राचे मर्म होय. वातानुकूलित खोलीत बसलेल्या तज्ज्ञाला ती सुचेलच असे नाही.

हा केवळ बुद्धीचा व्यायाम नव्हे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये बंदी उठवून शुल्क कायम ठेवले, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आणले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द केले. या काळात उत्पादक एक आकडा सांगत होते, व्यापारी दुसरा आणि सरकार तिसरा. बंदीने भाव किती पडला हे ठरविताना बंदीपूर्वीचा आणि बंदीनंतरचा भाव यांची वजाबाकी पुरत नाही. कारण डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढत असते. बंदी नसती तर भाव काय राहिला असता, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची सवय ज्याला लागलेली नाही तो कोणाच्याही आकड्यापुढे निरुत्तर होतो. शेतकरी संघटनांच्या सभांतून त्वेष पुष्कळ ऐकू येतो, हिशेब कमी. आणि दिल्लीतील निवेदनांतून हिशेब दिसतो, पण तो तपासावयास गावात कोणी नसते.

आकड्यांनी भांडण्याची परंपरा येथे नव्हती असेही नाही. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकविणाऱ्या दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच कागदपत्रांतून १८६७-६८ सालचे दरडोई उत्पन्न २० रुपये काढले आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच आकड्यांत गाठले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अंदाज मांडला तो दररोज माणशी २,२५० उष्मांकांच्या कसोटीवर. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्या कसोटीलाच आव्हान दिले. निरोगी माणसाची अन्नाची गरज एकच एक नसते, ती एकाच माणसातही दिवसागणिक बदलते. मग सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा धरावयाचा, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांना ते मान्य झाले नाही आणि दोघांत दीर्घ वाद झाला. रेषा कोठे ओढावी यावर कोट्यवधी माणसे गरीब ठरणार की नाही हे अवलंबून होते. आजचा विद्यार्थी ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांक असे पाठ करतो. ते कोणी व कसे ठरविले, त्यावर कोणी हरकत घेतली, हे त्याच्या गावीही नसते. एका तासात सांगून होईल अशी ही गोष्ट आहे, आणि मराठी मुलांना ती ठाऊक नसावी याला काय म्हणावे?

शिक्षकांची तयारी नाही, परीक्षेला याचा उपयोग नाही, संगणक नाहीत, हे आक्षेप अपेक्षितच आहेत. यांपैकी शेवटचा तर सर्वांत लंगडा. संगणकाला कोणतेही दोन स्तंभ दिले तरी तो क्षणात रेषा ओढून देतो आणि त्या रेषेला अर्थ आहे की नाही हे सांगत नाही; नवशिक्याच्या हाती तो थोडा उशिरा पडलेलाच बरा. आलेख-कागद, पट्टी आणि शिसपेन्सिल एवढ्यावर पहिले वर्ष निघते. शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. ज्याने स्वतः कधी आकडे गोळा केले नाहीत त्याच्याकडून ते शिकविण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, आणि चार दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराने हे साधणार नाही. जवळच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्र विभागाने दोनचार शाळा आपल्याशा केल्या तर काही घडेल. आदेशाने फारसे घडणार नाही.

दरम्यान, केंद्रीय मंडळाच्या शाळांत अकरावीला अर्थशास्त्रासाठीच्या संख्याशास्त्राचे स्वतंत्र पुस्तक आहे आणि प्रकल्पाला २० गुण आहेत. तेथेही सगळे प्रकल्प खऱ्या कष्टाचे असतात अशी समजूत कोणी करून घेऊ नये. तरीपण दार उघडे आहे. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातील मुलाला अर्थशास्त्रासाठीच्या संख्याशास्त्राचे तसे स्वतंत्र पुस्तक नाही, आणि पुढे स्पर्धा परीक्षेला वा नोकरीला दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

आकडा जन्मतो कसा, हेही त्याने एकदा पाहावयास हवे. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये यांना ४५.८६ टक्के भार होता. वर्गातील मुलांनी आपल्या गावातील वीस शेतमजूर आणि वीस नोकरदार घरांचा महिन्याचा खर्च लिहून काढला, तर महागाईचा जाहीर आकडा कोणाच्या पिशवीला लागू पडतो आणि कोणाच्या नाही, हे भाषणावाचून कळेल. कोणती घरे निवडावयाची यावर वर्गात भांडण होईल आणि नमुनानिवडीचा धडा तेथेच शिकून होईल.

राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठीतही प्रसिद्ध होते. अभ्यासक्रम बदलावयास समित्या लागतील आणि वर्षे जातील. विभाजन मूल्यांच्या धड्यातील अ, ब, क पुसून त्या जागी बाजार समितीचा महिन्याभराचा भावफलक लिहावयास मात्र मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. महिन्यातील सर्वांत कमी भावाच्या एकचतुर्थांश दिवसांत सरासरी भाव कितीच्या वर चढला नाही आणि पैशाच्या नडीने नेमका तेव्हाच कांदा विकावा लागलेल्या शेतकऱ्याच्या पदरात फार तर काय पडले, हे पहिल्या चतुर्थकावरून कोणत्याही मुलाला काढता येईल.