सरासरीवर बाग लावू नका

मोसंबी-डाळिंब लावताना, शेततळं खोदताना किंवा गावाची नळयोजना आखताना बरेच जण वर्षाचा सरासरी पाऊस धरतात. कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. सरासरी म्हणजे हमी नव्हे. जवळपास निम्म्या वर्षांत पाऊस त्याहून कमीच पडतो, आणि झाडं तर दर उन्हाळ्यात पाणी मागतात.

प्रश्न असा विचारा : एवढं पाणी दहापैकी किती वर्षं मिळेल? याचं गणित १९५९ साली अमेरिकेत अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांनी मांडलं. थंडी किती पडेल हे ठाऊक नसताना घरं उबदार ठेवायचं तेल किती बनवावं, अशा अडचणीतून ते पुढे आलं. शंभर टक्के खात्रीच्या मागे लागलं तर खर्च हाताबाहेर जातो. म्हणून किती टक्के खात्री हवी ते आधी ठरवायचं आणि तेवढी राखून सर्वांत स्वस्त मार्ग निवडायचा. आपल्याकडेही हा विचार रुजलेला आहे. कृष्णेचं पाणी वाटताना बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा २०६० टीएमसी हा आकडा धरला. चारातल्या एका वर्षी तूट येणार, हे त्यात गृहीतच आहे.

घरी करून बघा. आपल्या मंडळाच्या पावसाचे १९ वर्षांचे आकडे मिळवा आणि उतरत्या क्रमाने लिहा. वरून पंधरावा आकडा ७५ टक्क्यांचा, अठरावा ९० टक्क्यांचा. प्रत्येक आकड्यापुढे त्या वर्षी विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलं तेही टिपा. पाऊस आणि विहीर नेहमी सारखं बोलत नाहीत. हंगामी पीक पंधराव्या आकड्यावर बेतता येईल, कारण एक हंगाम हुकला तरी पुढचा असतो. बाग वाळली तर अनेक वर्षांची मेहनत जाते. ती अठराव्यावरच बेता. पिण्याचं पाणी त्याहूनही वाईट वर्षावर.

आणखी एक मेख आहे, आणि हंगेरीचे गणिती आंद्राश प्रेकोपा यांनी तिच्यावरच भर दिला. प्रत्येक गरजेची वेगवेगळी ९० टक्के खात्री म्हणजे सगळ्या एकाच वर्षी भागण्याची ९० टक्के खात्री नव्हे. तीन गरजा एकमेकींशी निगडित नसतील, तर तिन्ही भागण्याची शक्यता ७३ टक्क्यांवर उतरते. गावात तर माणसं, जनावरं आणि पिकं एकाच पावसावर जगतात. त्यांचा हिशेब एकत्रच मांडा.

पुढच्या ग्रामसभेत पाण्याची कुठलीही योजना आली की उठून विचारा : हे किती टक्के खात्रीचं आहे? तो टक्का ठरावात लिहून घ्या. आणि तुटीच्या वर्षी आधी कोणाचं पाणी तोडायचं, तेही पाऊस चांगला असतानाच ठरवा. टंचाईत टँकरच्या रांगेत उभं राहून असे निर्णय न्यायाने होत नाहीत.