रणजीच्या धावांना भाव कोण देणार?

गुवाहाटीत २६ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताचा दुसरा डाव १४० धावांत आटोपला आणि दक्षिण आफ्रिकेने ४०८ धावांनी विजय मिळवला. धावांच्या हिशेबात भारताच्या कसोटी इतिहासातील हा सर्वांत मोठा पराभव. त्याआधी कोलकात्यात १२४ धावांचे लक्ष्य समोर असताना संघ ९३ धावांत गारद झाला होता. आणि त्याच्या वर्षभर आधी, ३ नोव्हेंबर २०२४ रोजी, वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग १२१ वर संपला होता व न्यूझीलंडने मालिका ३-० अशी खिशात घातली होती. २०१३ पासून मायदेशात सलग १८ मालिका जिंकणाऱ्या संघाने जेमतेम तेरा महिन्यांत घरच्या सातपैकी पाच कसोटी गमावल्या. जिंकलेल्या दोन्ही वेस्ट इंडिजविरुद्धच्या होत्या, हेही सांगायला हवे.

पराभव भारतीय क्रिकेटरसिकाला नवे नाहीत. २००० साली याच दक्षिण आफ्रिकेने मुंबई आणि बंगळूर येथे भारताला हरवून मालिका नेली होती, तेही त्याने पचवले. चांगला खेळून हरलेल्या संघाला तो फार काळ धारेवर धरत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली तेव्हा ओव्हलवरच्या सहा धावांच्या विजयाने त्याचे मागचे सारे दुखणे पळाले होते. गुवाहाटीनंतर लोकल गाडीत, कार्यालयांत आणि मैदानांच्या कट्ट्यांवर जी चर्चा झाली तिचा रोख निराळा होता. संघ का हरला यापेक्षा हा संघ कोणत्या निकषावर निवडला गेला, हा प्रश्न रसिकाला अधिक सतावत होता. आणि हा प्रश्न भावनेच्या भरात विचारलेला नाही. त्यामागे मंडळाने स्वतःच दिलेला शब्द आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांची नावे वार्षिक कराराच्या यादीतून गळाली. देशांतर्गत क्रिकेटकडे पाठ फिरवल्याची ही शिक्षा आहे, असाच अर्थ सर्वांनी लावला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर संघ १-३ असा हरला. त्या मालिकेत कर्णधार रोहित शर्माने पाच डावांत ३१ धावा केल्या. विराट कोहलीने पर्थचे नाबाद शतक वगळता उरलेल्या आठ डावांत अवघ्या ९०. जानेवारी २०२५ मध्ये मंडळाने नवे नियम काढले आणि राष्ट्रीय संघात यायचे तर देशांतर्गत सामने खेळावेच लागतील, असे बजावले. नामवंतांनाही रणजीचे दार ठोठवावे लागले.

ते दृश्य मोठे मजेशीर होते. वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, श्रेयस अय्यर, अजिंक्य रहाणे, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर अशी मातब्बर मंडळी असलेला मुंबईचा संघ जम्मू-काश्मीरकडून पाच गड्यांनी हरला. रोहितच्या धावा ३ आणि २८. मुंबईची लाज काही प्रमाणात राखली ती शार्दूलने, ५१ आणि ११९ धावा करून. दिल्लीत कोहलीला पाहण्यासाठी पहाटेपासून रांगा लागल्या. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याला सहा धावांवर त्रिफळाबाद केले आणि गर्दी ओसरली. रणजीच्या सामन्याला एवढी माणसे आली याचे कौतुक दोन दिवस झाले. ती रणजीसाठी आली नव्हती, हे त्या रिकाम्या झालेल्या गॅलरीने सांगून टाकले. दोघांनीही मे २०२५ मध्ये कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला आणि संघात दोन मोठ्या जागा मोकळ्या झाल्या.

तेव्हा रसिकाने सरळ हिशेब मांडला. रणजी ही जर कसोटी असेल, तर तिथे जो उत्तीर्ण झाला त्याला जागा मिळावी. करुण नायर याचे नाव त्यातून पुढे आले. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा करणारा हा फलंदाज पुढच्याच वर्षी संघाबाहेर गेला. पुढे कर्नाटकच्या संघातही त्याला स्थान उरले नाही, तेव्हा त्याने विदर्भाचा आसरा घेतला. २०२४-२५ च्या हंगामात विजय हजारे स्पर्धेत त्याने अवघ्या दोनदा बाद होत ७७९ धावा केल्या. रणजीत ८६३ धावा काढल्या. नागपूरच्या जामठा मैदानावर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा करून विदर्भाच्या विजेतेपदाला हातभार लावला. इंग्लंड दौऱ्यासाठी त्याची निवड झाली तेव्हा निवड समितीने शब्द पाळला, असे रसिकाला मनापासून वाटले.

पण आठ वर्षांनी परतलेल्या माणसाच्या वाट्याला चार कसोटी आल्या. आठ डावांत २०५ धावा. त्यात एकच अर्धशतक, ओव्हलच्या हिरव्या खेळपट्टीवरचे ५७. बाकीच्या डावांत तो वारंवार वीस-तीस धावांपर्यंत पोहोचून बाद झाला. हे अपयशच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मधल्या मँचेस्टर कसोटीत त्याला वगळण्यात आले, ओव्हलवर परत घेण्यात आले आणि ऑक्टोबरमधील वेस्ट इंडिजविरुद्धच्या मायदेशातील मालिकेसाठी संघ निवडताना त्याचे नाव गाळण्यात आले. त्याच्याकडून अधिक अपेक्षा होती, असे निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी सांगितले. कारण निदान जाहीरपणे सांगितले गेले, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल. मात्र परदेशातील अवघड खेळपट्ट्यांवर तपासलेल्या फलंदाजाला घरच्या खेळपट्ट्यांवर एकही संधी न देता बाद ठरवणे, हा न्याय रसिकाच्या गळी उतरला नाही.

सर्फराज खानची कथा याहून गुंतागुंतीची. २०१९-२० च्या रणजी हंगामात ९२८ धावा, २०२१-२२ मध्ये ९८२. एवढ्या धावांवर एरवी दोघांची निवड झाली असती. याला कसोटी टोपी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. राजकोटला अनिल कुंबळे यांच्या हस्ते ती मिळाली तेव्हा वडील नौशाद खान यांचे डोळे पाणावले आणि टीव्हीसमोर बसलेल्या निम्म्या मुंबईचेही. पहिल्याच सामन्यात ६२ आणि नाबाद ६८. मग बंगळूरला पहिल्या डावात संघ ४६ धावांत कोसळल्यावर दुसऱ्या डावात याने १५० धावा केल्या. त्यानंतरच्या चार डावांत ११, ९, ० आणि १. ऑस्ट्रेलियाला तो गेला. पाचही कसोटी त्याने बाकावर बसून पाहिल्या. इंग्लंडला गेलेल्या मुख्य संघात त्याचे नाव नव्हते. भारत ‘अ’ संघाकडून कँटरबरीला ९२ धावा केल्या. आहारावर काटेकोर लक्ष देऊन वजन उतरवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका ‘अ’ संघाविरुद्धच्या सामन्यांसाठी तर भारत ‘अ’ संघातही त्याची वर्णी लागली नाही.

सहा कसोटी, ३७१ धावा, सरासरी ३७.१०. या आकड्यांवरून कोणी त्याला थोर फलंदाज ठरवणार नाही. उसळत्या चेंडूपुढे त्याचे तंत्र टिकेल का, अशी शंका जाणकार घेतात आणि ती अगदीच निराधार नाही. पण शंका आहे तर ती पारखून घेण्याची जागा भारत ‘अ’ संघ हीच असते. तिथलेही दार बंद केल्यावर या फलंदाजाने आपली योग्यता सिद्ध तरी कुठे करायची?

निवड समितीची बाजूही ऐकायला हवी. रणजी स्पर्धेत ३८ संघ खेळतात. त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्या दुबळ्या गोलंदाजीवर काढलेले द्विशतक आणि हिरव्या खेळपट्टीवर काढलेल्या सत्तर धावा यांत अनुभवी नजरेला सत्तर धावा अधिक मोलाच्या वाटू शकतात. नजर हा निवडकर्त्याचा हक्कच आहे. विजय मर्चंट यांच्या समितीने १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी सुनील गावसकर यांना निवडले तेव्हा त्यांच्या नावावर मोजकेच प्रथम श्रेणी सामने होते. त्या दौऱ्यात गावसकरांनी ७७४ धावा केल्या. नुसती आकडेवारी पाहिली असती तर ते विमानात बसलेच नसते. त्याच दौऱ्याआधी मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी यांच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. त्यावर वादळ उठले, पण निर्णय कोणाचा याविषयी कुणाच्या मनात संदेह नव्हता.

रसिकाचेही सगळेच बरोबर असते असे नाही. शुभमन गिलला कर्णधार केले तेव्हा त्याच्या परदेशातील सरासरीवर बोट ठेवणाऱ्यांत हाच रसिक आघाडीवर होता. गिलने इंग्लंडमध्ये ७५४ धावा करून, गावसकरांच्या त्या विक्रमाच्या वीस धावा अलीकडे थांबत, सर्वांची तोंडे बंद केली. रोहित आणि कोहली यांनी आता थांबावे असे जो सिडनीनंतर म्हणत होता, तोच कोलकात्यानंतर ते असते तर, असे सुस्कारे टाकत होता. चाहत्याची स्मरणशक्ती सोयीची असते. त्याला आवडता खेळाडू संघात हवा असतो आणि निकष नंतर सुचतो.

तरीही तिसऱ्या क्रमांकाबाबत त्याने जे म्हटले ते खोडून काढता येत नाही. राहुल द्रविड आणि त्याच्यामागून चेतेश्वर पुजारा यांनी ही जागा दोन दशकांहून अधिक काळ सांभाळली. जून २०२३ मध्ये पुजाराला वगळल्यानंतर तिथे काही काळ गिल स्थिरावला आणि तो चौथ्या क्रमांकावर सरकल्यावर संगीतखुर्ची सुरू झाली. इंग्लंडमध्ये लीड्सला साई सुदर्शन, पुढच्या दोन कसोटींत करुण, मग पुन्हा सुदर्शन. सुदर्शनच्या पाठीशी २०२५ च्या आयपीएलमधील ७५९ धावांचे वलय होते. दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने ८७ धावा केल्या, तेव्हा प्रश्न सुटला असे वाटले. पुढच्याच कसोटीत, कोलकात्यात, त्याला बाहेर बसवून वॉशिंग्टन सुंदर तिसऱ्या क्रमांकावर उतरला. त्या सामन्यात भारत चार फिरकी गोलंदाज घेऊन खेळला. सहा दिवसांनी गुवाहाटीत सुदर्शन परत आला आणि सुंदर खाली गेला. कोणाही फलंदाजाला पायाखालची जमीन स्थिर वाटावी अशी ही व्यवस्था खासच नव्हती.

याच्या मुळाशी अष्टपैलूंचे वेड आहे. मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये या धोरणाने भरभरून दिले. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २०२५ ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा, दोन्हीकडे आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी हे भारताचे बलस्थान होते. कसोटीत मात्र थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी यांची बेरीज एका पक्क्या फलंदाजाइतकी होत नाही. गुवाहाटीत रवींद्र जडेजा, वॉशिंग्टन सुंदर आणि नितीशकुमार रेड्डी असे तीन अष्टपैलू होते. पैकी रेड्डीच्या हाती चेंडू मोजक्याच षटकांसाठी आला. पहिल्या डावात वरची फळी कोसळत असताना तळाच्या कुलदीप यादवने १३४ चेंडू खेळून काढले. खेळपट्टीत भुते नव्हती, हे त्याने बॅटने दाखवून दिले.

मुंबईच्या रसिकाला उपेक्षेच्या कथा नव्या नाहीत. पद्माकर शिवलकर प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही कसोटी न खेळता मार्च २०२५ मध्ये गेले. अमोल मुजुमदार अकरा हजारांहून अधिक धावा करून भारताकडून एकही सामना न खेळता निवृत्त झाले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाला विश्वविजेते झालेले पाहिले. पण शिवलकरांच्या वाटेत बिशनसिंग बेदी होते. मुजुमदारांच्या वाटेत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. जागाच नव्हती, अशी समजूत तरी घालता येत असे. २०२५ मध्ये जागा रिकाम्या होत्या, आणि रणजीत धावांचा रतीब घालणाऱ्यांना त्या जागेवर बसण्याआधीच उठवले जात होते.

याचा परिणाम नामवंतांवर होत नाही. तो होतो आझाद मैदानावर, नागपुरात, पुण्यात भल्या पहाटे किट उचलून निघणाऱ्या मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर. चार दिवसांच्या सामन्यासाठी तंत्र घोटत बसायचे की दोन महिन्यांच्या आयपीएलसाठी षटकार मारायला शिकायचे, याचा निर्णय हे पालक निवड समितीच्या याद्या वाचूनच घेतात. यश राठोडने २०२४-२५ च्या रणजीत विदर्भासाठी ९६० धावा केल्या, त्याच संघाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका हंगामाचा विक्रम रचला. विदर्भाबाहेरच्या किती घरांत ही नावे ठाऊक असतील, हा प्रश्न रसिकाने स्वतःलाही विचारावा.

करुण नायर वगळला गेल्यावर विदर्भ सोडून आपल्या कर्नाटकात परतला होता. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शिमोग्यात त्याने गोव्याविरुद्ध नाबाद १७४ धावा काढल्या आणि पुढच्याच सामन्यात केरळविरुद्ध २३३. त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा भारतीय संघ जाहीर झाला. त्यात त्याचे नाव नव्हते.